बॅटरी बसली

माझं अक्षर खराब आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळलं नव्हतं, आताही जिथे शंका येते तिथे मी दीर्घच काढते, निदान ठसठशीत दिसतं. भांड्यांच्या पावडरीने बोटांची टोकं फाटलेली असतात, त्यामुळे पेन घट्ट धरता येत नाही आणि ओळ उतरत जाते. ही वही कोणी वाचणार नाही असं धरूनच लिहिते आहे. तरी कोणाच्या हातात पडलीच तर चुका पोटात घालाव्यात.

मला बोलायला जमत नाही. घरात जमतं, पण परक्या माणसासमोर मी एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होते. हो, नाही, झालं, आणते. एवढ्यावर माझी तीस वर्षं निघाली. एकदाच ते महागात पडलं, तेच लिहायचं आहे.

वारज्यात मी चार घरची कामं करते. तीन घरी धुणं, भांडी, फरशी. चौथं घर काका-काकूंचं. तिथे स्वयंपाक, आणि स्वयंपाक झाला की एक तास विमानं. काका एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि मला मावशी म्हणतात. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. पुण्यात कामवालीला सगळे मावशीच म्हणतात, त्यात वयाचा काही संबंध नसतो.

काकांच्या मागच्या खोलीत विमानं टांगलेली असतात. माणसाएवढ्या लांब पंखांची, पण उचलली तर दुधाच्या दोन पिशव्यांएवढी जड. त्यांना इंजिन नसतं. टेकडीच्या उतारावर वारा येऊन आपटतो आणि वर चढतो, त्या चढत्या वाऱ्यावर ती तरंगतात. काका खाली उभे राहून हातातल्या रिमोटने वळवतात.

मी त्यात कशी शिरले, तर काकांचा हात कापायला लागला म्हणून. एक दिवस मी पोळ्या लाटत होते, काका जेवणाच्या टेबलावर वायर जोडत होते आणि डाग द्यायच्या वितळलेल्या कथलाचा थेंब टेबलक्लॉथवर पडला. काकू म्हणाल्या, "हा तिसरा. आता एकदम पत्र्याचाच टेबलक्लॉथ शिवून घेते."

मी ओट्यापाशी उभी राहूनच म्हटलं, "मी करू का?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझे वडील शनिवार पेठेत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. शाळा सुटल्यावर मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि ते डाग द्यायचे तेव्हा वायर धरून उभी राहायची. राळेचा तो धूर नाकाला ओळखीचा होता. पण एवढं सगळं बोलायचं म्हणजे फार झालं. मी काकांच्या हातातून डाग द्यायची तापलेली सळई घेतली आणि जोड देऊन दाखवला.

काका जोड उलटापालटा करून बघत राहिले. काकू म्हणाल्या, "चला, घरात एक तरी इंजिनिअर निघाला."

तेव्हापासून तो तास माझा झाला. काकांनी मला खुर्ची दिली, टेबलाचा दिवा माझ्याकडे वळवून दिला. बाकी दिवसभर मी उभी असते नाहीतर उकिडवी. गुडघे संध्याकाळी असे होतात की जिना चढताना मी कठडा धरून एकेक पायरी मोजते. खुर्चीवर बसून करायचं काम आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. पगारात त्याचे वेगळे पाचशे रुपये होते, पण खरं सांगायचं तर पैसे नसते तरी मी तो तास सोडला नसता.

माझं मुख्य काम बॅटरीचं. काकूंनीच एकदा विचारलं होतं, "इंजिन नाही तर त्याला बॅटरी कशाला लागते? वारा फुकट आहे ना?"

काका म्हणाले, "उडायला लागत नाही. ऐकायला लागते."

विमानाच्या पोटात काड्यापेटीएवढा रिसीव्हर असतो. खालून रिमोट जे सांगतो ते तो ऐकतो आणि शेपटीच्या, पंखांच्या मोटरींना सांगतो. छोट्या मोटरी, बोटाच्या पेराएवढ्या. त्यांना आणि रिसीव्हरला मिळून चार सेलची बॅटरी पुरते. ज्या विमानाला इंजिन असतं त्याला मोठी बॅटरी असतेच, त्यातूनच रिसीव्हरचं भागतं. पण बिनइंजिनाच्या विमानात दुसरं काहीच नसतं. हे चार सेल गेले की विमान बहिरं.

सेल पुन्हा पुन्हा भरता येणारे. मी ते एकापुढे एक जोडते. सेलला फार वेळ चटका द्यायचा नसतो, आतून खराब होतो, म्हणून सेलच्या टोकाची पत्र्याची पट्टी आधी घासून ठेवायची आणि सळई टेकवली की तीन म्हणायच्या आत उचलायची. मग लाल वायर, काळी वायर, आणि टोकाला तीन भोकांचं सॉकेट. लाल मधल्या भोकात, काळी कडेच्या, तिसरं भोक मोकळं. लाल मध्ये असल्यामुळे कोणी उलटं खोचलं तरी काही जळत नाही, फक्त चालत नाही. ज्याने हे ठरवलं त्याला विसराळू माणसांची चांगली माहिती असणार. शेवटी सगळ्यावर निळी नळी चढवून गरम केली की ती आवळून बसते. बॅटरी विमानाच्या नाकातच ठेवायची, कारण नाकात तसंही वजन लागतं. काका म्हणायचे, शिसं घालून नुसतं ओझं न्यायचं त्यापेक्षा कामाचं ओझं न्यावं. मला ते पटायचं.

रविवारी दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की आम्ही टेकडीवर जायचो. काकांच्या खांद्याला जोर नाही, म्हणून विमान मी वर न्यायची आणि मीच सोडायची. चपला काढायच्या, वाऱ्याकडे तोंड करायचं, दोन पावलं पळायचं आणि नाक किंचित खाली ठेवून हलकंच ढकलून द्यायचं. वर फेकायचं नाही. नवी माणसं वर फेकतात आणि विमान तिथेच आपटतं.

त्या रविवारी विमान काकांचं नव्हतं. वाघोलीला राहणाऱ्या एका इंजिनिअरचं होतं, परदेशातून पंख मागवून त्याने बांधलेलं. त्याला अजून नीट उडवता येत नव्हतं, म्हणून पहिलं उड्डाण काकांनी करून द्यायचं ठरलं. बॅटरी मी बनवली होती. शनिवारी संध्याकाळी मी ती चार्जिंगला लावली आणि घरी गेले. त्या रात्री सोसायटीची लाईट गेली, ती रविवारी दुपारपर्यंत आली नाही; चार्जिंग माझ्याकडे असायचं म्हणून काकांच्या ते लक्षात आलं नाही. हे मला काकूंकडून कळलं ते रविवारी, पायऱ्या उतरताना. खाली इंजिनिअर गाडीचा हॉर्न वाजवत होता.

टेकडीवर पोहोचलो तेव्हा वारा चांगला होता. गवत सगळं एका बाजूला झोपलं होतं. काका पंधरा पावलांवर रिमोट घेऊन उभे, इंजिनिअर त्यांच्याशेजारी मोबाईलने शूटिंग करायला तयार. मी विमानाच्या नाकाचं झाकण उघडून बॅटरी आत बसवली, वायर जोडली. मग तपासायचं छोटं यंत्र लावलं. त्यावर दिव्यांची ओळ असते, हिरवे, पिवळे, लाल. फक्त एक लाल लागला, तोही मिणमिणता.

वाऱ्यात काकांनी ओरडून विचारलं, "मावशी, बसली का?"

मी म्हटलं, "बसली."

मला म्हणायचं होतं, गेली, उतरली, काही राहिलं नाही तिच्यात. गाडीची बॅटरी बसते, आवाज बसतो, तशी बसली. काकांनी विचारलं होतं, खाचेत नीट बसली का.

काका म्हणाले, "मग सोडा."

मी उभीच राहिले. मला वाटलं, असं कसं. पण मग वाटलं, काकांना ठाऊक असेल. एक चक्कर मारून उतरवणार असतील. चौथी शिकलेल्या बाईने ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाला काय सांगायचं, तेही त्या नव्या माणसासमोर. मी चपला काढल्या आणि विमान सोडलं.

ते सुंदर उडालं. हे लिहिलंच पाहिजे. इतकं शांत विमान मी त्याआधी सोडलं नव्हतं. इंजिनिअर म्हणत होता, "काका, स्मूथ. एकदम स्मूथ. बॅलन्स परफेक्ट आहे ना?"

"आहे," काका म्हणाले. "तुम्ही जरा गप्प राहिलात तर तेही स्मूथ होईल."

एक चक्कर झाली, दोन झाल्या. काका उतरवायचं नाव घेईनात. तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत नाही. या सेलचा स्वभाव असा की शेवटपर्यंत धरून ठेवतात आणि मग एकदम सोडतात, हळूहळू अशक्त झाल्याचं दाखवत नाहीत. हे काकांनीच मला शिकवलं होतं. मी पंधरा पावलांवर होते. जाऊन एवढंच म्हणायचं होतं, काका, उतरवा. मी दोनदा पुढे गेले. एकदा इंजिनिअरने वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, पाणी हवंय का? बाटली गाडीत राहिली." मी मान हलवली आणि मागे आले. दुसऱ्यांदा काकांच्या कोपराशेजारी जाऊन उभी राहिले. ते वर बघत होते, चेहऱ्यावर वारा, डोळे बारीक केलेले, आणि हात कापत नव्हता. रिमोट हातात असला की त्यांचा हात कापत नाही. मी पुन्हा मागे आले.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. विमान डावीकडे वळलं आणि वळतच राहिलं. काका म्हणाले, "ऐकत नाहीये." मग पुन्हा, हळू, "ऐकत नाहीये." ते गोल गोल फिरत टेकडीच्या मागच्या बाजूला गेलं, जिथे वारा खाली पडतो. आवाज आम्हाला ऐकू आला नाही, लांब होतं.

शोधायला मी आणि इंजिनिअर खाली उतरलो. खडीच्या ढिगाऱ्यावर पडलं होतं. एक पंख मधोमध मोडलेला, नाक आत गेलेलं, रिसीव्हरचं कवच फुटून आतली हिरवी पाटी दिसत होती. बॅटरी मात्र तशीच, निळ्या नळीवर साधा ओरखडा नाही. मी ती खिशात टाकली, का ते सांगता येणार नाही.

वर आणून ठेवल्यावर काका खाली बसले. मला म्हणाले, "बसली म्हणालात ना?"

"हो काका. बसली म्हणाले."

मी यंत्र पुढे केलं, बॅटरी लावली. आता तर लालही लागेना. काकांच्या लक्षात आलं. त्यांनी यंत्र माझ्या हातातून घेतलं, खिशात ठेवलं आणि इंजिनिअरला म्हणाले, "माझी चूक. उडवणाऱ्याने स्वतः तपासायचं असतं. मी तपासलं नाही. खर्च सांगा."

"अहो काका, इट्स ओके," तो म्हणाला. मग थोडा थांबून, "पण विंग इम्पोर्टेड होती."

"तेच विचारतोय. ओके केवढ्याचं आहे?"

अठरा हजार झाले. काकांनी दिले. मला ते काकूंकडून कळलं, पोळ्या लाटताना. काकू म्हणाल्या, "अठरा हजार रुपये हवेत उडवले आमच्याकडे. तेही दुसऱ्याच्या विमानातून. स्वतःचं विमान पाडलं असतं तर निदान खोलीत जागा तरी झाली असती." त्यांना वाटत होतं काकांचा हात चुकला. काका वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी पान उलटलं. मी पोळी उलटली. ती करपली.

त्यानंतर रोजच्या बोलण्यात ते अठरा हजार यायला लागले. कुलर घ्यायचा राहिला, अठरा हजार. काकूंचा चष्मा बदलायचा राहिला, अठरा हजार. त्या दुष्ट नाहीत, त्यांची बोलण्याची पद्धतच तशी आहे. पण प्रत्येक वेळी काका ऐकून घ्यायचे आणि मी तिथेच असायची. त्या तासाला खुर्चीवर बसायची तेव्हा ती खुर्ची टोचायची. आपण हे असंच चालू दिलं तर एक दिवस इथे बसता येणार नाही, कोणी ऊठ म्हणालं नाही तरी येणार नाही, हे मला कळत होतं. आणि सांगून टाकलं तर काकू म्हणतील स्वयंपाकापुरतं ये, याचीही भीती होती.

बोलणं जमेना म्हणून चिठ्ठी लिहिली. माझ्या पगारातून दरमहा पैसे कापावेत, विमान माझ्यामुळे पडलं. टेबलावर बॅटरी तपासायच्या यंत्राखाली ठेवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी काकांनी ती पुढ्यात ठेवली. चष्मा वर केला.

"ही तुम्ही लिहिलीत?"

"हो."

"'कापावेत'मधला वे बरोबर आहे. बाकी मजकूर चूक आहे. मावशी, चूक मराठीची आहे. बॅटरी खाचेत गेली तरी बसली आणि मेली तरी बसली. वसुली करायची तर भाषेकडून करा."

"भाषेला पगार नाही, काका."

ते हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "शब्द चुकला तो चुकला. पण नंतर दहा मिनिटं मी गप्प होते. मला कळलं होतं तुम्हाला माहीत नाही. दोनदा जवळ आले आणि परत गेले. ती चूक भाषेची नाही."

एवढं मी सलग कधी बोलले नव्हते. काका समोरचा सेल उचलून टेबलावर उभा करायला बघत होते, तो हातामुळे आडवा पडत होता.

"अर्धे," ते म्हणाले. "अर्धे तुमचे. अर्धे माझे, न तपासल्याचे. यावर घासाघीस नको."

विमानाच्या तासाचे पाचशे मी त्या महिन्यापासून घेतले नाहीत. काका ते माझ्यासमोर सेलच्या रिकाम्या खोक्यात टाकायचे. दीड वर्ष. त्या दीड वर्षात माझ्या घरी भाडं वाढलं, एकदा मला टायफॉइड झाला, दोन घरांनी कामं बंद केली आणि एक नवं धरलं ते चौथ्या मजल्यावर. काका म्हणाले, एखादा महिना सोडा. मी सोडला नाही. धीट म्हणून नाही, एकदा सोडला तर पुन्हा धरायचं बळ राहणार नाही म्हणून.

टेकडीवरची पद्धतही बदलली. काकांनी बसली हा शब्द बंद केला. त्याऐवजी उतरली म्हणावं असं पहिल्या दिवशी ठरलं, पण विमानही उतरतं, म्हणून तोही गेला. मग काकांनी दिव्यांचं यंत्र काढून आकड्यांचं आणलं. "आता फक्त आकडा सांगायचा. मोठ्याने. आणि मी तो परत म्हणेपर्यंत विमान हातातून सोडायचं नाही." मोटरी हलवत ठेवून मोजायचं, कारण नुसती मोजली की बॅटरी खोटं बोलते. पाच व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, पावणेपाचच्या खाली असेल तर घरी.

पहिल्या रविवारी टेकडीवर चार-पाच हौशी माणसं होती आणि मला ओरडायचं होतं. आवाज फुटला नाही. काका पंधरा पावलांवर कानामागे हात धरून उभे. "ऐकू आलं नाही. वारा थांबवू का?" सगळे हसले. मी म्हटलं, "चार पॉइंट नऊ." काका म्हणाले, "चार पॉइंट नऊ. सोडा." पुढे सवय झाली. कंटाळाही आला, कारण दमलेल्या दिवशी ओरडायला जास्त जोर लागतो. पण सांगितल्याशिवाय मी एकही विमान सोडलं नाही. एकदा साडेचार म्हणून सांगितलं आणि आम्ही न उडवताच सगळं परत खाली आणलं. त्या दिवशी माझे पाय फार दुखत होते.

गेल्या महिन्यात शेवटचे पाचशे खोक्यात पडले. काका झाकण लावायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "खोका मला द्या. काकूंना मी देते."

"कशाला? तिला मी सांगेन कधीतरी."

"नको. मीच."

काका म्हणाले, "आज ती कैरी किसते आहे. हातात किसणी आहे, एवढं लक्षात ठेवा."

काकू ओट्यापाशी होत्या. मी खोका बाजूला ठेवला आणि उभ्या उभ्या सांगितलं. लाईट गेलेली, लाल दिवा, बसली का विचारलं ते, बसली म्हणाले ते, नंतरची दहा मिनिटं, आणि हे नऊ हजार. काकू कैरी किसत राहिल्या. संपली तेव्हा हात धुतले, पदराला पुसले आणि खोका उघडला.

"म्हणजे दीड वर्ष मी यांना उगाच बोलले?"

"हो."

"पूर्ण उगाच, की अर्धं?"

"अर्धं," मी म्हटलं.

"मग ठीक आहे. अर्धं पुढच्या वेळी वळतं करते." त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, "अहो, ऐकलंत का? तुमच्या नावावर माझी दीड वर्षाची अर्धी बोलणी जमा आहेत." काकू मला म्हणाल्या, "आणि तू. मला आधी सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. स्टूल ओढून त्या बसल्या, मलाही दुसरं दाखवलं, आणि नोटा ओट्यावर एकेक करून मांडायला लागल्या. काही नोटा सेलच्या खोक्यात राहून वाकड्या झाल्या होत्या, त्या त्यांनी तळहाताने सपाट केल्या. मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाल्या, "नऊ हजार. बरोबर आहेत. फिटले."